उलटा केस

कुमानोत आमच्या घरी तुसाची राख कधी संपत नाही.
बाबा ती शेळीच्या केसांना चोळतात,
कातड्यात गुंडाळून, तेल निघेपर्यंत,
मग बोथट सुरीवर अंगठा ठेवून
एकेक उलटा केस वेचून टाकतात.
बघत नाहीत. डोळ्यांवरचा भरवसा केव्हाच गेला.
अंगठ्याला कळतं, म्हणतात, कोण वाकडं आलंय.

मी डोंगरापलीकडे, साइजोत, तिसऱ्या मजल्यावर
कुंचलेच करते.
हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,
केस कुठला?

केस नाही, बाबा. आधी कणा.
एक लांब साखळी, तिच्या मणक्यामणक्यावर
एकेक जागा, जिथून काही उगवू शकेल.
मग चिमूटभर तांब्याचा क्षार, आणि हवा अजिबात नको:
द्रव नायट्रोजनात गोठवायचं, पंपाने ओढायचं, वितळू द्यायचं.
बुडबुडे वर येतात धाप लागल्यासारखे.
असं तीनदा. नागाहिसा-सान चारदा करतात
आणि चौथ्याचं कारण सांगत नाहीत.
मग साठ अंशांवर, रात्रभर,
सगळ्या जागांवरून एकदम केस वाढतात.
हळूच वाढवायचे. घाई केली
की शेजारचे केस एकमेकांना चिकटतात
आणि अख्खी बाटली खरवसासारखी थिजते.

एप्रिलमध्ये अशा सात बाटल्या फेकल्या.

"म्हणजे तुमचा केस उगवतो," बाबा म्हणाले, "आम्ही बांधतो."
बांधतातही, म्हटलं, तयार केस आणून जोडतात.
पण दाटी झाल्यावर
उशिरा आलेल्याला जागा मिळत नाही.
बाबा हसले. ते घरातले पाचवे.

साखळी एकटी असली की गुंडाळी करून पडते,
कुणाच्याही पायात पाय घालते.
दोन्ही अंगांनी केस दाटले की तिला ताठ राहावंच लागतं,
आणि अशा दोघी शेजारी आल्या
तरी गुंतत नाहीत, नुसत्या सरकतात.
म्हणून हे इतकं मऊ,
कानाच्या पाळीहूनही.

मोजायला स्तंभातून सोडलं.
मोठे रेणू आधी बाहेर येतात,
लहान प्रत्येक भोकात डोकावत रेंगाळतात.
माझा उंचवटा एकच आला, अरुंद.
नागाहिसा-साननी चष्मा कपाळावर चढवला.
आमच्याकडे याला टाळ्या म्हणतात.

मग अभ्रकाच्या ताज्या पापुद्र्यावर एक थेंब,
त्यावरून सुई फिरली, आणि पडद्यावर
सुरवंट. शेकडो. केसाळ, एका मापाचे.
चार दिवसांनी तेच पुन्हा पाहिले:
आखूड झालेले. काही निम्मे.
कुणी कापलं नव्हतं.
सपाटीवर केसांना पसरायचं होतं,
ते एकमेकांना रेटत राहिले,
सगळा ताण गेला कण्यात.
कार्बनशी कार्बनचा बंध,
ज्याला तोडायला आम्ही भट्ट्या पेटवतो,
तो नुसत्या दाटीने तुटला.
मी वहीत तारीख लिहिली, पुढे काही सुचेना.

सांध्यांतही असेच कुंचले असतात,
पाणी पिऊन फुगलेले. तेच वंगण.
बाबा बावन्न वर्षं मांडी घालून बसलेत.
माझं द्रावण सध्या डुकराच्या कूर्चेवर घासलं जातं,
यंत्र दिवसभर मागेपुढे करतं, आकडा खाली येतोय.
माणसाच्या गुडघ्यापर्यंत किती वर्षं
हे मी त्यांना सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नाही.

ओबोनला जाताना निव्वळ पॉलिमरची एक कुपी नेली.
त्यांनी थेंब अंगठ्यावर घेतला,
बोटावर चोळला, पुन्हा चोळला,
बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होऊन बंद पडली.
"उलटा केस सापडत नाही,"
ते म्हणाले, जरा नाराजीनेच.

मग चहा ठेवायला उठले,
हात जमिनीला टेकून.
पहिल्यांदा जमलं नाही.
मी राखेच्या डब्याचं झाकण नीट लावत बसले.